न झालेल्या ब्रेकडाऊनचं श्रेय

पत्र, थोडक्यात:

चाकणच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स विभागात काम करणाऱ्या इंजिनिअर ताईंचं पत्र आलं आहे. कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. प्रेस शॉपमधल्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेसचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाड होण्याआधीच करायची देखभाल, ताईंकडे आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तेलाचे नमुने नियमित तपासायला पाठवणं, इलेक्ट्रिकल पॅनेलची थर्मोग्राफी (कुठे जास्त तापतंय हे कॅमेऱ्याने बघणं), सील बदलण्याचं वेळापत्रक असं सगळं मार्गी लावलं. ब्रेकडाऊन बरेच कमी झाले. तरी यंदाच्या अप्रेझलमध्ये रेटिंग आलं 'अपेक्षेनुसार', म्हणजे मागच्या वर्षी होतं तेच. त्यांच्याच विभागातला एक सहकारी बंद पडलेलं मशीन रात्री-अपरात्री येऊन चालू करून देतो. त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये टाळ्या मिळतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो येतो आणि रेटिंगही वरचं मिळतं. मॅनेजर दीड वर्षापूर्वी प्रॉडक्शनमधून आलेले आहेत आणि अर्धा आठवडा कंपनीच्या दुसऱ्या प्लांटवर असतात.

ताई लिहितात, "काम असं करावं की ते स्वतः बोलेल, असं आमच्या घरी शिकवलं. स्वतःची टिमकी वाजवणारी माणसं मला आवडत नाहीत. नवरा म्हणतो, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. मला माती खपवायची नाही. मी काय करू? टिमकी वाजवायला शिकू, की दुसरीकडे नोकरी बघू?"

उत्तर:

ताई, दोन वर्षांत प्रेस शॉपचे ब्रेकडाऊन खाली आणणं हे मोठं काम आहे, हे आधी मनापासून सांगते. ते एकटीने होत नाही. फिटरना पटवावं लागतं, प्रॉडक्शनकडून मशीन मागून घ्यावं लागतं, स्टोअर्सच्या मागे लागून सील वेळेवर आणावे लागतात. तुम्ही हे सगळं केलंत आणि पत्रात त्याला चार ओळी दिल्यात. रेटिंगबद्दल मात्र पानभर लिहिलंत. मॅनेजरांसमोरही असंच होत असेल का, असं पत्र वाचताना वाटून गेलं. काम चार शब्दांत उरकायचं आणि वाईट वाटलेलं मनात पानभर साठवायचं.

तुम्ही माझ्यासमोर दोनच वाटा ठेवल्या आहेत, टिमकी वाजवायची किंवा निघून जायचं. या दोन्हींच्या आधी येणारी एक वाट आहे आणि ती तुमच्या स्वभावाला धरून आहे. तिच्याकडे जाण्याआधी तुम्ही गृहीत धरलेल्या काही गोष्टी जरा तपासून बघू.

काम स्वतः बोलतं, हे तुमच्या घरच्यांनी खोटं सांगितलं नाही. सुतार, शिंपी, स्वयंपाक करणारी बाई यांचं काम बोलतं, कारण ते वापरणारा माणूस समोर असतो. तुमचंही काम बोलतं, पण ते ऐकायला प्रेसच्या शेजारी उभं राहावं लागतं. ऑपरेटरला ते नक्की ऐकू येत असेल. शिफ्ट सुपरवायझरलाही येत असेल. दुसऱ्या प्लांटवर बसलेल्या माणसापर्यंत ते कुठल्या वाटेने पोचणार? त्यातून तुमचं काम प्रतिबंधाचं. तुमचं यश म्हणजे काहीतरी घडलं नाही. मशीन चालू राहिलं, डिस्पॅच वेळेवर गेलं, रात्री कुणाला फोन आला नाही. न आलेल्या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

हा अनुभव तुमच्या एकट्या कारखान्यातला नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नेल्सन रेपेनिंग आणि जॉन स्टरमन यांनी कंपन्यांमधल्या सुधारणा-मोहिमा का फसतात यावर एक लेख लिहिला. त्याचं सार असं, की जी अडचण उद्भवलीच नाही ती सोडवल्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. आग विझवणाऱ्याला बक्षीस मिळतं, म्हणून हुशार माणसं आग विझवण्याकडे वळतात. आग लागू नये म्हणून करायची कामं मागे पडतात आणि त्यामुळे आगी आणखी लागतात. तुमचे मॅनेजर वाईट आहेत म्हणून हे घडत नसून चांगल्या माणसांच्या हातूनही हे चक्र फिरत राहतं, कारण विझवलेली आग डोळ्यांना दिसते.

म्हणूनच सहकाऱ्याबद्दल मनात अढी धरू नका, असं आग्रहाने सांगते. रात्री दोन वाजता उठून येणं आणि पहाटेपर्यंत लाइन चालू करून देणं हे कष्टाचं आणि कौशल्याचं काम आहे. त्याच्या टाळ्या त्याच्याच आहेत. तुमचं म्हणणं 'त्याला जास्त मिळालं' असं निघालं, तर मॅनेजरांना ते दोन सहकाऱ्यांमधलं भांडण वाटेल आणि मूळ मुद्दा तिथेच बुडेल. उलट तो तुमचा सर्वात उपयोगी साथीदार होऊ शकतो. कुठलं मशीन वारंवार बंद पडतं आणि खोलल्यावर आत काय सापडतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्या रात्रीच्या नोंदी आणि तुमचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. कुठे काम उरलं आहे ते लगेच समजेल.

मॅनेजरांना सगळं दिसतं आणि तरी ते दुर्लक्ष करतात, हे तुमचं दुसरं गृहीतक. मला याची खात्री वाटत नाही. त्यांच्या जागी क्षणभर उभ्या राहून बघा. सकाळी उत्पादनाचा आढावा, मग ग्राहकाची तक्रार, ऑडिटची तयारी, दुसऱ्या प्लांटचे प्रश्न. प्रॉडक्शनमधून आल्यामुळे मशीन चालू आहे की बंद, एवढंच बघायची त्यांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षांची सवय. शिवाय तुम्ही काम सुरू केलंत तेव्हा ते या खुर्चीत नव्हते. आधी प्रेस शॉपची काय अवस्था होती हे त्यांनी पाहिलेलंच नाही. आज जे शांतपणे चाललं आहे ते त्यांना पहिल्यापासून असंच असणार असं वाटत असेल, तर त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच कंपन्यांत अंतिम रेटिंग तुमचा मॅनेजर एकटा ठरवत नाही. सगळे विभागप्रमुख एकत्र बसतात, वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात आणि प्रत्येकाला आपल्या माणसाची बाजू मांडावी लागते. एका नावाला तिथे फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात. 'काम चांगलं करते, तक्रार नाही' एवढंच वाक्य मॅनेजरांच्या हाती असेल, तर त्यांना मनातून वाटलं तरी ते तुम्हाला वर नेऊ शकणार नाहीत. 'प्रेस शॉपचे ब्रेकडाऊन वर्षभरात इतक्यावरून इतक्यावर आले, त्यामुळे इतके तास वाचले' हे वाक्य त्यांच्या हाती असेल, तर त्या खोलीत तुमच्या वतीने बोलणारं कुणीतरी असेल. हे वाक्य त्यांना तुम्हीच द्यायचं आहे. दुसरं कुणी ते तयार करू शकत नाही, कारण तेवढी माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

आता टिमकीबद्दल. तुमची नाराजी मला समजते आणि तुमच्या मिस्टरांच्या म्हणीशी मीही पूर्ण सहमत नाही. माती खपवू नयेच. पण काय घडलं, कशामुळे घडलं आणि पुढे काय लागेल हे ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला कळवणं हा मेंटेनन्सच्या कामाचाच भाग आहे. समजा, पुढच्या वर्षी खर्च कपातीची यादी निघाली. त्यात 'तेल तपासणी, बाहेरची लॅब' अशी एक ओळ असेल. ही तपासणी काय देते हे माहीत नसलेला माणूस तीच ओळ आधी खोडेल, कारण ब्रेकडाऊन तर होतच नाहीत! मग वर्षा-दीड वर्षाने पंप जायला लागतील. तुम्ही गप्प राहिलात तर नुकसान फक्त तुमच्या पगारवाढीचं होत नाही. तुम्ही उभी केलेली घडीच मोडते, आणि हे मला जास्त गंभीर वाटतं.

एक जुनं उदाहरण देते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात होत्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफससारख्या आजारांनी कितीतरी जास्त मरत होते. १८५५ च्या वसंतात गटारं, पाणी आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था सुधारली आणि मृत्यू झपाट्याने घटले. परत आल्यावर त्यांनी १८५८ मध्ये मृत्यूंच्या आकड्यांची वर्तुळाकार चित्रं छापली. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चं एक आणि त्यानंतरच्या वर्षाचं दुसरं, शेजारी-शेजारी. टाळता येण्यासारख्या आजारांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल, बाकीचे काळे. पहिल्या वर्तुळात निळ्या पाकळ्या अवाढव्य आहेत, दुसऱ्यात त्या आक्रसल्या आहेत. अहवालाची पानं न वाचणाऱ्या मंत्र्यालाही ते एका नजरेत समजावं म्हणून ही धडपड होती. या चित्रांना कुणी टिमकी म्हणत नाही. लष्करी इस्पितळांच्या सुधारणेसाठी त्यांनी जो लढा दिला, त्यात या चित्रांचा मोठा आधार होता. तुम्हाला करायचं आहे ते नेमकं हेच, आधीचं आणि नंतरचं शेजारी-शेजारी ठेवणं.

तेव्हा सुरुवात 'आधी'पासून करा. ब्रेकडाऊन रजिस्टर किंवा ईआरपीमधून (कंपनीच्या नोंदींच्या संगणक प्रणालीतून) तुम्ही काम हाती घेण्याआधीच्या बारा महिन्यांच्या नोंदी काढा आणि नंतरच्या प्रत्येक महिन्याच्या त्यांच्यासमोर मांडा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक मेंटेनन्सची उद्दिष्टं लेखी ठेवायला सांगतंच. मशीनचा एकूण किती प्रभावी वापर होतो ते सांगणारा ओईई, दोन बिघाडांमधला सरासरी काळ म्हणजे एमटीबीएफ, दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एमटीटीआर, हे आकडे तुमच्याकडे ऑडिटच्या फाइलमध्ये असणारच. ते ऑडिटरला दाखवायचे आणि मॅनेजरांना नाही, असं का व्हावं?

आकडे आहेत तसेच पाठवू नका. ज्याच्याकडे पाठवायचे त्याच्या भाषेत आणा. समजा, महिन्याला ४८० तास चालणारा एक प्रेस आधी सहा वेळा बंद पडायचा, आता दोन वेळा पडतो. एमटीबीएफ ८० तासांवरून २४० तासांवर गेला. पण प्रॉडक्शनमधून आलेल्या माणसाला 'आधी दर पाच दिवसांनी थांबायचा, आता महिन्यातून दोनदा' हे चटकन भिडतं. तेलाचंही तसंच. आयएसओ ४४०६ चा स्वच्छतेचा कोड २१/१९/१६ वरून १८/१६/१३ वर आला, हे वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच येणार नाही. त्या कोडचा प्रत्येक आकडा एकने खाली आला की कणांची संख्या साधारण निम्मी होते. म्हणजे तीनने खाली येणं म्हणजे तेलातली घाण जवळजवळ आठपट कमी होणं. असं सांगा. माणसाच्या डोळ्याला सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण दिसत नाहीत आणि व्हॉल्व्ह अडकवणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात. तेल डोळ्याला स्वच्छ दिसत असताना लॅबला पैसे का द्यायचे, या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

पैशाचा हिशेब स्वतः अंदाजाने मांडू नका. कॉस्टिंग विभागाकडे मशीन अवर रेट, म्हणजे मशीनच्या एका तासाचा खर्च, असतो, तो मागून घ्या. प्रेस मिनिटाला १० स्ट्रोक मारत असेल तर चार तासांच्या ब्रेकडाऊनमध्ये २,४०० नग जातात. हे गणित कुणालाही तपासता येतं. रुपयांचा आकडा कॉस्टिंगचा असेल तर त्यावर वाद होणार नाही.

मग महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एक छोटी मेल. पाच-सहा ओळींच्या पुढे नको. साधारण अशी:

"प्रेस शॉप, जून. प्रेस क्र. ३ चं तेल तपासणीत खराब निघालं. रविवारी फिल्टर आणि सील बदलले, उत्पादन थांबलं नाही. मागच्या वर्षी याच कारणाने या प्रेसचा पंप गेला होता आणि दोन शिफ्ट गेल्या होत्या. ब्रेकडाऊन: गेल्या जूनमध्ये सहा, या जूनमध्ये दोन. दोनपैकी एक व्होल्टेजच्या चढउतारामुळे. दुसरा आमच्या तपासणीतून सुटला, तो मुद्दा आता चेकलिस्टमध्ये घातला आहे. प्रेस क्र. ५ मोकळा करून सुरक्षितपणे तपासल्याचं श्रेय दुसऱ्या शिफ्टच्या फिटरांना. तुमच्याकडून हवं: ऑगस्टमध्ये प्रेस क्र. ५ साठी एक पूर्ण दिवस."

या मेलमध्ये स्वतःच्या कौतुकाचा एकही शब्द नाही. सुटलेली गोष्ट तुम्ही स्वतःहून लिहिली आहे, त्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. फिटरांचा उल्लेख आहे. तुमच्या खऱ्या मेलमध्ये त्यांची नावं घाला, कारण तुमचं काम दिसत नाही तिथे त्यांचं तर मुळीच दिसत नसणार. आणि शेवटी एक मागणी आहे. हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. मागणी असली की वाचणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. नुसती माहिती बाजूला पडते.

श्रेयाच्या बाबतीत स्वतःशीही काटेकोर राहा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की नवरा-बायकोला घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला तर दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. प्रत्येकाला आपले कष्ट जास्त आठवतात, कारण ते आपण स्वतः उपसलेले असतात. तुमचे सहकारी, तुमचे मॅनेजर आणि तुम्हीही याला अपवाद नसणार. ब्रेकडाऊन कमी होण्यात ऑर्डर कमी असलेल्या महिन्यांचा हात होता का? नवीन पंप बसवल्याचा होता का? असेल तर लिहा. असं केल्यावर जो फरक तुमच्या खात्यात उरेल तो कुणालाही खोडता येणार नाही.

टळलेले बिघाड दाखवायची आणखी एक साधी रीत आहे. बदललेला सील, खड्डे पडलेलं बेअरिंग, थर्मोग्राफीत तापलेला दिसलेला टर्मिनल, यांना मशीनचा क्रमांक आणि तारखेचा टॅग लावून ठेवा आणि मासिक आढाव्याला टेबलावर मांडा. चिरलेला सील हातात घेतला की तो काही दिवसांत काय करणार होता हे प्रॉडक्शनच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. फोटो काढून ठेवलेत तर वर्षअखेरीला फॉर्म भरताना शोधाशोधही होणार नाही.

तुमच्या कारखान्यात कायझेन शीट (छोट्या सुधारणा नोंदवायचा फॉर्म) किंवा क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी मिळून सोडवणारा कामगारांचा गट) असेलच. भारतात क्वालिटी सर्कल १९८० मध्ये हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीत सुरू झालं आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून शॉपफ्लोअरवरच्या माणसांनी व्यासपीठावर उभं राहून आपलं काम आकड्यांसकट मांडायची रीत आपल्या कारखान्यांत रुजली आहे. आधी-नंतरचा फोटो, मूळ कारण, उपाय, बचत, हे सगळं त्या फॉर्ममध्ये विचारलेलंच असतं. स्वतःबद्दल बोलायचा संकोच वाटणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची जागा नाही. तिथे तुम्ही फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता. तेल तपासणीचं काम फिटरांसोबत सर्कलचा प्रकल्प म्हणून मांडा. फोरमच्या स्थानिक शाखेच्या (चॅप्टरच्या) स्पर्धेला गेलात तर कंपनीच त्याचा फोटो लावेल.

तुम्ही पत्रात उल्लेख केला नाहीत, पण मला टाळता येत नाही अशी एक गोष्ट आहे. मेंटेनन्समध्ये बायका अजून थोड्याच आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लॉरी रडमन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की स्वतःची बाजू जोरात मांडणारी स्त्री लोकांना सक्षम वाटते, पण त्याच वेळी ती त्यांना आवडेनाशी होऊ शकते. पुरुषाला ही किंमत सहसा मोजावी लागत नाही. हे अन्यायाचं आहे. तुमच्या मनातला संकोच निव्वळ संस्कारांमुळे नसेल, बोलल्यावर काय होतं हे कुठेतरी अनुभवल्यामुळेही असेल. म्हणून मी तुम्हाला 'बिनधास्त बोला' असा सल्ला देत नाही. आकडा पुढे, स्वतः त्याच्या मागे, सोबत टीमची नावं आणि शेवटी मागणी, अशा रचनेत ही किंमत कमी मोजावी लागते असं मला वाटतं. पण श्रेय देताना स्वतःचं नाव गाळू नका. 'आम्ही केलं' असं लिहिताना योजना कुणी आखली हे एकदा स्पष्ट लिहा. 'योजना आणि पाठपुरावा माझा, प्रत्यक्ष काम अमुक फिटरांचं' हे वाक्य खरं आहे आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

झालेल्या रेटिंगचं काय? ते बदलून घ्यायला भांडू नका. ठरलेला आकडा क्वचितच हलतो आणि त्या भांडणात पुढच्या वर्षाची गोष्ट राहून जाते. मॅनेजर तुमच्या प्लांटवर असतात त्या दिवशी अर्धा तास मागून घ्या. आधी-नंतरचं पान पुढे ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. पहिला: "सर, वरच्या आढाव्यात तुम्हाला आपल्या विभागाचे कुठले आकडे दाखवावे लागतात?" त्यांचं उत्तर लिहून घ्या, तुमच्या मासिक मेलचा नमुना त्यातूनच ठरेल. दुसरा: "वरचं रेटिंग देण्यासाठी मार्चपर्यंत तुम्हाला माझ्या कामात काय दिसायला हवं?" उत्तर मोघम आलं तर तिथेच आग्रह धरू नका. संध्याकाळी दोन ओळींची मेल करा, 'आज आपलं असं बोलणं झालं, मी हे-हे समजले, काही राहिलं असेल तर कळवा.' मार्चमध्ये ही मेल उपयोगी पडेल.

ही भेट ऑक्टोबरच्या सहामाही आढाव्याआधी व्हायला हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाग आली तर फॉर्म भरला जातो, पण मॅनेजरांचं मत तोवर बनलेलं असतं. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून वहीत काय सापडलं, काय केलं, पुरावा कुठे आहे एवढं टिपून ठेवलंत, तर बाकी कशालाच फार वेळ लागणार नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही दोन शब्द. इस्पितळात संसर्ग रोखणारी परिचारिका, सर्व्हर बंद पडू नये म्हणून रात्री अपडेट टाकणारा सिस्टीम ॲडमिन, बँकेत चुकीची नोंद आधीच पकडणारी कारकून, सगळ्यांची अडचण हीच आहे. वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असल्याने २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील अशी भीती होती; ते कोलमडले नाहीत तेव्हा 'उगाच बाऊ केला होता' असं कितीतरी लोक म्हणाले. तारखांचे कोड दुरुस्त करत ज्यांनी त्याआधीची वर्षं घालवली त्यांना काय वाटलं असेल? सरकारी नोकरीत असाल तर तुम्हाला एक आधार आहे. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली गेली पाहिजे, फक्त प्रतिकूल नोंदच नव्हे. 'चांगला' हा शेराही बढतीच्या आड येत असेल तर त्यावर म्हणणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे. स्वयंमूल्यमापनाचा रकाना 'नेमून दिलेली कामे पार पाडली' असं लिहून वाया घालवू नका.

आणि ताई, नोकरी बदलण्याबद्दल. सहामाही आणि वार्षिक असे दोन आढावे होऊ द्या. एवढं सगळं नीट पोचवूनही मॅनेजरांनी ते वाचलं नाही, किंवा तुमचे आकडे स्वतःच्या नावावर वर पाठवले, तर आधी कंपनीतच दुसरा विभाग किंवा दुसरा प्लांट मागून बघा. ओईई सुधारण्याची, टीपीएमची (सगळ्यांना सोबत घेऊन करायच्या देखभालीची) जबाबदारी मोठ्या कारखान्यांत स्वतंत्र असते आणि तुमचं काम तिथे थेट बसतं. तरीही दार बंदच राहिलं तर बिनदिक्कत बाहेर पडा, त्यात पळून जाण्यासारखं काही नाही. नव्या मुलाखतीतही पहिला प्रश्न 'तिथे काय केलंत' हाच असेल आणि तुमच्या शुक्रवारच्या वहीत त्याचं उत्तर तयार असेल. तेव्हा कंपनीच्या फाइल्स, ड्रॉइंग, ग्राहकांची नावं सोबत नेऊ नका, सांगूही नका. आधी काय स्थिती होती, तुम्ही काय योजना केलीत आणि ब्रेकडाऊन किती टक्क्यांनी उतरले, एवढं बोललात तरी मेंटेनन्स जाणणाऱ्या माणसाला तुम्ही कोण आहात ते कळेल.